कोपऱ्यातल्या खोलीचा काटा

जयमालाबाईंनी आयुष्यात कधी बॉयलर पाहिला नव्हता, पण सव्वीस वर्षं त्याचा दाब मात्र त्यांनीच मोजला होता. पिंपरीच्या त्यांच्या कंपनीत बॉयलर हाउसमध्ये बायकांनी जायचं नाही असा नियम होता. म्हणून तिथून एक बोटाएवढी नळी भिंतीतून बाहेर निघायची, आवारातल्या गुलमोहराखालून वळणं घेत पॅनेल रूममध्ये यायची आणि जयमालाबाईंच्या टेबलासमोर एका पांढऱ्या तबकडीत संपायची. तबकडीत एक काळा काटा. तो हलला की भिंतीपलीकडे एक प्रचंड, गरम, न पाहिलेलं जनावर कूस बदलतंय एवढं त्यांना कळायचं. दर तासाला आकडा लॉगबुकात लिहायचा, खाली सही करायची. दुपारी दोनच्या सुमाराला, शिफ्टचा भोंगा व्हायच्या आधी, सगळी कंपनी पेंगुळायची. तेव्हा त्यांना वाटायचं, आपण कुणा झोपलेल्याच्या नाडीवर बोट ठेवून बसलो आहोत.

हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे वाचनालय.

चिंचवडच्या मैत्रेयनगर सोसायटीत तळमजल्यावर एक खोली आहे. तीत एक हजार नऊशे बारा पुस्तकं आहेत. जुन्या कामगार क्वार्टर्स पाडल्या तेव्हा घराघरांतून आलेली. कुणाच्या पानांत पिंपळाचं जाळीदार पान, कुणात नाइट शिफ्टचा पास, एकात तर लग्नासाठी सांगून आलेल्या मुलाचा फोटो. मुलगा आता आजोबा आहे आणि पुस्तक परत मागत नाही. निवृत्तीनंतर जयमालाबाईंनी ठरवलं की आपण फक्त एक यादी करायची. फक्त एक यादी! माणूस असं काहीतरी बोलून जातो आणि मग दोन वर्षं जातात.

त्यांची मुलगी आम्रपाली चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत डेटाबेस सांभाळते. म्हणजे नक्की काय करते, असं शेजारणी विचारत. जयमालाबाई सांगत, "विचारलं की उत्तर देणारा एक जण आहे. त्याला बरं वाटतंय ना, ते ती बघते." आम्रपालीनंच सुचवलं, "आई, रजिस्टर कशाला? डेटाबेसमध्ये घाल." आणि त्याला प्रश्न विचारायची जी ठरीव भाषा असते, ती एसक्यूएल, तिनंच आईला शिकवली. जयमालाबाईंना ती लगेच जमली. त्या भाषेत उगाच बडबड नाही, काय हवं ते आधी सांगायचं, कुठून हवं ते मग सांगायचं आणि शेवटी अर्धविराम टाकून गप्प बसायचं. घरातल्या सगळ्यांनी ही भाषा शिकावी असं त्यांचं मत झालं.

तर यादी झाली. पुस्तकांची मुखपृष्ठं फोटो काढून चढवली. आणि नेमक्या त्याच महिन्यात सोसायटीचे अध्यक्ष बबनराव यांच्या मनात आलं की तळमजल्याच्या खोलीत व्यायामशाळा करावी.

बबनराव मूळचे इथलेच. सोसायटी उभी आहे ते त्यांच्या आज्याचं ज्वारीचं शेत. जमीन गेली, दोन फ्लॅट आले आणि सगळ्या सोसायटीच्या चाव्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला आला. "आक्का," ते जयमालाबाईंना म्हणाले, "पुस्तकं चांगलीच हायेत. पन वाचतंय कोन? पोरं मोबाइलात. तुमची ती यादी चालू करून दावा रविवारच्या सभेत. लोकांनी चार पुस्तकं मागितली, तर खोली तुमची. न्हाई तर सायकली मागवतो."

"रस्त्यावर चालवायच्या?"

"जागच्या जागी चालवायच्या."

"मग कुठं पोचायचं असतं?"

बबनराव जुडगा खुळखुळवत निघून गेले, पण ते त्यांच्या मनाला लागलं असावं.

मंगळवारी जयमालाबाईंनी रंगीत तालीम घेतली. शेजारच्या शालनबाई, समोरचे साहेबराव आणि आणखी चौघं अशा सहा जणांना मोबाइलवर यादी उघडायला लावली. शालनबाईंनी पाककृतींची पुस्तकं मागितली, साहेबरावांनी "सगळी" असं मागितलं. पडद्यावर गोल गोल फिरू लागलं. मग पांढरं झालं. मग लिहून आलं की संपर्क तुटला आहे. मिनिटभरानं यादी आपोआप परत आली, जणू मधे काही झालंच नव्हतं. पुन्हा विचारलं, पुन्हा गेली, पुन्हा आली. दिवसभर हेच. घरात एखादं मूल फिट येऊन पडावं आणि उठून पुन्हा खेळायला लागावं, तसं.

आता सल्ले सुरू झाले. साहेबराव कंपनीत स्टोअरला होते. ज्या वस्तूला हात लावायचा नाही तिच्याबद्दल त्यांना सगळं ठाऊक असतं. "वहिनी, गरम होत असणार. ओलं फडकं टाका."

"कॉम्प्युटरवर?"

"शेजारी. गारवा मिळतो."

शालनबाईंचं म्हणणं पडलं की दृष्ट लागली. "एवढी पुस्तकं एका बाईनं लिहून काढली म्हटल्यावर लागणारच हो, जयमालाताई. मीठ-मोहऱ्या ओवाळते मी, तुम्ही नुसत्या बघा."

"आमच्याकडे नाही चालत ते."

"तुमच्याकडे नाही ओवाळत, त्याच्याकडे ओवाळते ना!"

पण "त्याच्याकडे" जायचं कसं? सोसायटीचा कॉम्प्युटर जिन्याखालच्या केबिनमध्ये कुलुपात. एकाच यंत्रावर तीन कामं चालतात: गेटवरच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, पाण्याच्या पंपाची नोंद आणि वाचनालय. बबनरावांचा पुतण्या शेखर, त्यानं हे सगळं बसवून दिलं आणि तो जर्मनीला गेला. केबिन उघडायची तर लेखी अर्ज, त्यावर अध्यक्षांची आणि सचिवांची सही. सचिवपद आठ महिने रिकामं. तो अधिकारही म्हणून अध्यक्षांकडे. आणि अध्यक्ष भाचीच्या साखरपुड्याला कुरुळीला गेलेले, शुक्रवारपर्यंत. जुडगा अर्थात कमरेला.

जयमालाबाईंनी फोन लावला. मागे सनई आणि जनरेटर एकदम वाजत होते.

"अर्ज टाका आक्का पेटीत!"

"पेटी उघडणार कोण?"

"मीच की. आल्यावर!"

दुपारी जेवायच्या सुट्टीत आम्रपालीचा चाकणहून फोन आला. आईनं सगळं सांगितलं, ओल्या फडक्यासकट. ती हसली आणि म्हणाली, "आई, यंत्रापर्यंत जायलाच हवं असं नाही. डेटाबेस त्या यंत्राच्या पोटात बसलाय ना? त्यालाच विचारायचं, बाबा रे, तुझ्या आजूबाजूला काय चाललंय. मेमरी किती, ताण किती, जागा किती. त्यासाठी वेगळी फंक्शन्स असतात. एसक्यूएलमध्येच विचारायचं, तू पुस्तकं विचारतेस तसंच."

पोळीचा तुकडा जयमालाबाईंच्या हातातच राहिला. त्यांना दिसली ती एक नळी, गुलमोहराखालून आलेली.

"आई? आहेस ना?"

"आहे. काटा बसवता येतो म्हणजे."

ती फंक्शन्स यंत्रात आहेत का, हे शेखरला विचारलं. जर्मनीत तेव्हा सकाळ होती. तो म्हणाला, "ठेवलीयत मी मावशी. काकांना ओळखतो. चावी मिळणार नाही हे मला बसवतानाच माहीत होतं." आम्रपालीनं लांबूनच डेटाबेसमध्ये ती चालू केली आणि सांगितलं, आता विचार. जयमालाबाईंनी चष्मा पुसला, प्रश्न लिहिला, अर्धविराम टाकला. उत्तर आलं: परवानगी नाही.

सोसायटीत परवानगी नाही, हे समजण्यासारखं होतं. पण स्वतः घातलेल्या एक हजार नऊशे बारा पुस्तकांच्या डेटाबेसनंही तोंडावर दार लावावं? त्या दुखावल्या. इतक्या की चहा करून घेतला आणि प्यायल्या नाहीत. आम्रपालीनं समजूत काढली: हे सगळ्यांना नसतं दाखवत; देखरेख करणाऱ्याची एक वेगळी भूमिका असते, ती देते तुला. बघता येईल, हात लावता येणार नाही.

"सव्वीस वर्षं तेवढंच केलं," जयमालाबाई म्हणाल्या. "दे."

आणि बुधवारी दुपारी तीनला काटा हलला.

गॅलरीतून ऊन तिरपं होऊन टेबलावर आलं होतं. खाली कुठेतरी भंगारवाल्याची हाक लांबत लांबत विरून गेली. पडद्यावर आकडे उभे राहिले: एकूण मेमरी सोळा जीबी, पैकी अकरा मोकळी. जयमालाबाईंनी जुनं लांब रजिस्टर काढलं, रेघा मारल्या आणि लिहिलं: तीन वाजता, अकरा. चार वाजता, अकरा. पाच वाजता, पावणेअकरा. खाली सही. पलीकडचं जनावर शांतपणे श्वास घेत होतं आणि किती वर्षांनी त्यांचं बोट पुन्हा त्याच्या नाडीवर होतं. तेवढ्या वेळात त्या सभा विसरल्या, सायकली विसरल्या, शालनबाईंनी दारात ठेवलेल्या मोहऱ्याही विसरल्या.

इथंच थांबल्या असत्या तर बरं होतं. पण अकरा हा आकडा डोक्यात घोळत राहिला. अकरा मोकळी पडलेली असताना आपली यादी का पडते? कुणीतरी हात आखडता घेतोय. कोण? चाव्या कुणाकडे आहेत? गुरुवारी सकाळी त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, शुद्ध भाषेत, स्वल्पविरामांसह:

"कॉम्प्युटरमध्ये अकरा जीबी मेमरी विनावापर पडून आहे, तरीही वाचनालयाची यादी वारंवार बंद पडत आहे, यावरून काय समजायचे ते सभासदांनी समजावे. जागच्या जागी सायकल चालवणाऱ्यांनी जरा पुढचाही विचार करावा."

सभासदांनी समजायला वेळ लावला नाही. कुणी लिहिलं, आमच्या मजल्यावर पाणीही कमी येतं, तेही असंच असेल. कुणी विचारलं, जीबी म्हणजे टाकीतले का? साहेबरावांनी अंगठा दिला, मग काढून घेतला, मग पुन्हा दिला. आणि सव्वादोन तासांनी बबनरावांचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला, मागे अजून सनई:

"आक्का, जल्मापासनं या गावात हाय मी. कुनाचं पानी तोडलं न्हाई, कुनाची वाट अडवली न्हाई. मेमरी का काय ती तर मला दिसत बी न्हाई. चोर म्हना, पन तोंडावर म्हना. मी येतो संध्याकाळी."

साखरपुडा अर्धा टाकून निघाला होता माणूस.

आम्रपाली त्या दिवशी लवकर आली. खांद्यावरची बॅग न काढताच तिनं रजिस्टर वाचलं आणि हळूच खुर्चीत बसली. "आई, हे कुठल्या खोलीचे आकडे आहेत?"

"यंत्राचे."

"तेच. तू सगळ्या इमारतीचा मीटर वाचलास. आपल्या खोलीचा नाही." मग तिनं समजावलं. तीन कामांना शेखरनं तीन बंद खोल्या करून दिल्यात, त्यांना कंटेनर म्हणतात. यंत्र एक, पण प्रत्येक खोलीला ठरवून दिलेला हिस्सा. त्यापलीकडे कुणी पाय पसरला की यंत्र आतलं काम तिथल्या तिथे मारून टाकतं. "गंमत म्हणजे डेटाबेसनंही तुझ्यासारखीच चूक केलीय. सोळा जीबी बघून तो समजतोय सगळं घर आपलंच. मोठमोठी पातेली काढून बसलाय कोपऱ्यात. सहा पाहुणे आले की धडकतो भिंतीला."

"मग खोलीचा काटा कुठंय?"

"दुसरं फंक्शन. विचार."

जयमालाबाईंनी विचारलं. खोलीची मर्यादा: अर्धा जीबी. सध्याचा वापर: मर्यादेला टेकलेला. आणि तिसऱ्या ओळीत, मर्यादा ओलांडली म्हणून आतलं काम कितीदा मारलं गेलं: एक्केचाळीस.

एक्केचाळीस वेळा. त्या आकड्याकडे बघत राहिल्या. एक्केचाळीस वेळा पडली बिचारी आणि एक्केचाळीस वेळा न कुरकुरता उठून पुन्हा कामाला लागली, आणि बाहेरच्याला वाटावं काही झालंच नाही. असल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. क्वार्टर्सच्या त्यांच्या ओळीत तर दर दुसऱ्या घरात होती.

"अर्धा जीबी!" त्यांचा आवाज चढला. "सोळातला अर्धा? कुणी ठरवलं हे? येऊ दे त्या बबनरावांना."

बबनराव दारातच होते. अंगावर साखरपुड्याचा कडक सदरा, कपाळाला गंध, हातात बुंदीचा पुडा आणि काखेत एक फाइल. पुडा त्यांनी आम्रपालीला दिला, कारण भांडायला आलो म्हणून रिकाम्या हातानं यायचं नसतं. फाइल त्यांनी टेबलावर ठेवली.

"शेखऱ्या जाताना बोलला होता, काका, प्रत्येकाचा अर्ज जपून ठेवा. ठेवला. गेटवाल्यांनी मागितले चार, दिले चार. पंपवाल्यांनी मागितले दोन, दिले दोन. हा तिसरा. वाचा तुमीच."

तिसरा अर्ज फिकट निळ्या शाईत होता. अक्षर टपोरं, लॉगबुकातलं. 'आवश्यक मेमरी' या रकान्यात लिहिलं होतं: "कमीत कमी द्यावी. कोपऱ्यात चालेल. इतरांची अडचण होऊ नये." खाली सही: जयमाला.

जयमालाबाईंनी कागद उलटून पाहिला आणि पुन्हा सुलटा केला.

आपण हे कधी लिहिलं, हे जयमालाबाईंना आठवेना. पण हात कुणाचा होता ते चांगलं आठवलं. क्वार्टरची एक खोली, सात माणसं. आई भाकरी थापता थापता सांगायची: नळावर गेलीस की शेवटी उभी राहा, शाळेत मागच्या बाकावर बस, कुणी विचारलं काय हवं तर म्हण काही नको. कुणी उठवू नये म्हणून आधीच कमी जागेत बसायचं. अंग चोरून झोपायची इतकी सवय की लग्नानंतर पलंग मिळाला तरी त्या कडेलाच झोपायच्या. आता फ्लॅटला तीन खोल्या आहेत, आणि भाजीवाला विचारतो, "काय देऊ आजी?" तर तोंडातून निघतं, "असेल ते दे." कंपनीत पॅनेल रूम मोठी होती, त्यांनी टेबल कोपऱ्यात मागून घेतलं होतं. बॉयलर बघायला मिळेल का, हेही सव्वीस वर्षांत एकदा विचारलं नव्हतं.

"बबनराव," त्या शेवटी म्हणाल्या, "माझं चुकलं. ग्रुपवर लिहिते तसं."

"लिहा. स्वल्पविराम टाकून लिहा," बबनराव म्हणाले. मग बुंदीचा एक घास घेऊन, जरा मऊ होऊन, "पन आक्का, एक सांगू? कमी मागनाऱ्याचा मला लई राग येतो. आमच्या आज्यानं बी असंच केलं. कंपनीचे सायब आले, म्हनले, किती जागा सोडू घराला? म्हातारा म्हनला, गुरं बांधन्यापुरती द्या. तेवढीच दिली. गुरं गेली, आता तिथं माझी मोटार उभी ऱ्हाते, एक दार उघडत न्हाई तिचं." त्यांनी कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. "नवा अर्ज करा. आत्ता. दोन्ही सह्या मीच करनार हाय, वेळ लागायचा न्हाई."

आम्रपालीनं कोरा कागद दिला. जयमालाबाईंनी पेन उघडलं. 'आवश्यक मेमरी'. पेन टेकलं आणि थांबलं. "एक..." त्या पुटपुटल्या.

"आई."

"दीड?"

"आक्का," बबनराव ओरडले, "अकरा मोकळी हाय, तुमीच गावभर सांगितलं!"

जयमालाबाईंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे त्यांनी नळाची रांग पाहिली, पुरी, वळणापर्यंत, आणि त्या रांगेतून बाहेर पडून सरळ पुढे चालत गेल्या. कुणी काही म्हटलं नाही. मग डोळे उघडून त्यांनी लिहिलं: "सहा."

आणि मग त्यांचं मन थांबेचना. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं. त्यांनी पुढे लिहिलं: खिडकीजवळची दोन टेबलं. वर एक पंखा, फिरणारा. दारावर पाटी, ठळक अक्षरांत. बबनराव मान वाकडी करून वाचत होते.

"आनि खाली काय ते?"

"केबिन उघडाल तेव्हा मला आत घ्यायचं. यंत्र बघायचंय."

केबिन लगेच उघडली. जिन्याखाली, कोळिष्टकात, चपलांच्या जुन्या रॅकवर एक करडी पेटी होती. दसऱ्याचा वाळका झेंडू अजून डोक्यावर. एवढीशीच. जयमालाबाईंनी तिच्यावर हात ठेवला. कोमट होती. आम्रपालीनं लॅपटॉपची वायर जोडली, खोलीची मर्यादा वाढवण्याची एक ओळ लिहिली, डेटाबेसला त्याची पातेली त्या मापात काढायला सांगितलं आणि म्हणाली, झालं. साहेबराव ओलं फडकं घेऊन बाहेर उभे होते. त्यांचा मान राहावा म्हणून जयमालाबाईंनी त्या फडक्यानं पेटीवरची धूळ पुसली.

रविवारी सभेत बत्तीस जणांनी एकदम मोबाइल उघडले. साहेबरावांनी पुन्हा "सगळी" मागितली. पडदा गोल गोल फिरला. जयमालाबाईंनी पदराखाली बोटं मोजली. आणि पुस्तकं आली, रांगेनं, मुखपृष्ठांसकट, एक हजार नऊशे बारा. शालनबाईंनी पाककृती उचलल्या. शेवटच्या रांगेत बसलेल्या बबनरावांनी चष्मा वर करून बराच वेळ काहीतरी शोधलं आणि ज्वारीच्या जुन्या वाणांवरचं एक पुस्तक मागितलं. ते होतं. घ्यायला ते स्वतः उठले, तेव्हा व्यायामशाळेचा ठराव मांडायला कुणी उरलंच नाही.

पंखा यायचा आहे. टेबलं आली. त्यातल्या एकाशी, खिडकीजवळच्या, जयमालाबाई दुपारी बसतात. कडेला नाही, मधोमध, दोन्ही कोपरं पसरून. दर तासाला विचारतात, दर तासाला लिहितात: तीन वाजता, एक्केचाळीस. चार वाजता, एक्केचाळीस. पाच वाजता, एक्केचाळीस. पडण्याचा हा आकडा आता वाढत नाही, म्हणून तो लिहायला त्यांना फार आवडतं. खाली सही करतात, पहिल्यापेक्षा थोडी मोठी.